रोग्याने हिशेब मागू नये काय?

मोंढ्यात सोयाबीनची पोती घेऊन आलेल्या शेतकऱ्यास अडत्याकडून जो कागद मिळतो त्यास पट्टी म्हणतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्या पट्टीवर वजन असते, भाव असतो, हमाली व तोलाई वेगळी मांडलेली असते आणि तळाशी हाती पडावयाची रक्कम असते. पट्टीत कधी खोट नसतेच असे आम्ही म्हणू लागलो, तर परभणी, सेलू, मानवत येथील मोंढ्यांत ज्यांचे केस पिकले ते व्यापारी आम्हांस हसतील. परंतु खोट असली तर ती कोणत्या ओळीत आहे हे बोट ठेवून दाखविता येते, त्यावर भांडता येते, बाजार समितीकडे जाता येते. तोच शेतकरी किंवा तोच व्यापारी दवाखान्याची पायरी चढला, की त्याची ही सारी हिशेबी बुद्धी चपलांबरोबर दाराबाहेर राहते. आधी अनामत भरावयाची. तिची कधी पक्की पावती मिळते, कधी चिठोऱ्यावर नुसता आकडा मिळतो. मग दर दोन-चार तासांनी आतून एक चिठ्ठी येते आणि ती घेऊन खालच्या औषधाच्या दुकानाकडे धावावयाचे. आणलेली औषधे आत जातात. त्यांतील किती रोग्याच्या अंगी लागली आणि किती उरली, हे विचारण्याची सोय नाही. शेवटी सुट्टीच्या दिवशी एक बिल हाती पडते. त्यात चार-पाच मोठे आकडे आणि एक ‘इतर खर्च’. हा इतर खर्च कोणता, असे विचारावे तर उत्तर मिळते, ‘तुमचा डॉक्टरांवर विश्वास नाही काय?’

हिशेबाच्या प्रश्नास विश्वासाचे उत्तर देण्याची ही रीत आम्हांस मुळीच मान्य नाही. औषधोपचारास पैसे पडतात हे न कळण्याइतका परभणीचा नागरिक खुळा नाही. रोगी दगावला की दोष वैद्याचाच, असेही आम्ही मानीत नाही. शरीर हे नाशवंत आहे आणि उत्तमातील उत्तम शस्त्रवैद्यासही कधी हात टेकावे लागतात. लोकांची खरी तक्रार आम्ही जी ऐकतो ती वेगळीच आहे. ती अशी, की आम्हांस कोणी काही सांगत नाही. काय झाले आहे, काय करणार आहेत, आणि किती पडेल, या तीन प्रश्नांची उत्तरे मागणे म्हणजे उपकारकर्त्याचा उपमर्द करणे होय, अशी समजूत दवाखान्यांत रूढ झाली आहे. खेदाची गोष्ट ही, की रोगीही तसेच समजतो. डॉक्टरास देव म्हणणारा समाज देवाकडे हिशेब मागत नाही. आणि नवस फळला नाही म्हणजे मात्र तोच समाज मूर्ती फोडावयास धावतो. या दोन्ही वृत्तींचे मूळ एकच आहे.

प्रथम सांगण्याविषयीच बोलू. मोठे डॉक्टर सकाळी फेरीस येतात, कागद पाहतात, सहायकाशी इंग्रजीत दोन शब्द बोलतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. रोग्याचा भाऊ रात्रभर जिन्यावर बसून ज्या क्षणाची वाट पाहत असतो तो क्षण एवढ्यात निघून जातो. अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे काय चालले आहे ते कळत नाही. कळतो तो एक शब्द, ‘सिरियस आहे’. हा शब्द उच्चारला की पुढील सर्व प्रश्न संपतात व पैशाची तजवीज सुरू होते. त्यातच मध्यरात्री एक छापील कागद पुढे येतो. तो बहुधा इंग्रजीत असतो. त्यावर सही करा, नाहीतर शस्त्रक्रिया थांबेल, असे सांगण्यात येते. ज्याने आयुष्यात वाचल्याशिवाय हुंडीवर सही केली नाही, असा सावकारही येथे न वाचता सही करतो. त्यास दोष देण्याची आमची छाती होत नाही; परंतु या सहीस ‘संमती’ हे नाव देण्याचीही होत नाही. २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे, की तपासणीपुरती दिलेली संमती ही अवयव काढून टाकण्याची संमती होत नाही. रोगाचे स्वरूप, उपचाराचे लाभ व धोके आणि दुसरा मार्ग असल्यास तो, हे सांगितल्यावर मिळालेली संमती तीच खरी.

हे सारे दिल्लीचे शास्त्र झाले, आमच्या खेड्यापाड्यांत याचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल. त्याने शेजारच्या बीड जिल्ह्याकडे पाहावे. २०१९ साली ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला तेव्हा राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. पाहणीत आलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यांतील सर्व शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असे म्हणण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु पोटात दुखते म्हणून गेलेल्या बाईस ‘पुढे कॅन्सर होईल’ असे भय घालण्यात आले, दुसऱ्या डॉक्टरास विचारून ये असे कोणी म्हटले नाही, आणि फडावरची एक दिवसाची खाडा-मजुरी चुकविण्याच्या धास्तीने तिने मान डोलाविली, अशा हकिकती त्या वेळी पुष्कळ बाहेर आल्या. आमच्या जिल्ह्यातील गंगाखेड, सोनपेठ, पालम या तालुक्यांतूनही दरसाल टोळ्या ऊसतोडीस जातात. त्या स्त्रियांचा हिशेब कोण ठेवतो? दवाखान्यात न सांगणे हा नुसता शिष्टाचाराचा भंग नव्हे. त्यापायी माणसाचे अवयव जातात.

आता पैशाकडे वळू; आणि हा विषय आमच्या व्यापारी वाचकांस इतर कोणाहूनही अधिक समजेल. औषधाच्या वेष्टनावर जी कमाल किंमत छापलेली असते तीच घेतली, मग लूट कसली, असा युक्तिवाद दवाखान्याच्या दुकानांकडून होतो. छापील किंमत आणि खरेदीची किंमत यांत किती अंतर असू शकते हे घाऊक बाजारात वावरणारास विचारा. केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ साली दिल्ली व तिच्या परिसरातील चार खाजगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवरील नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. किराणा मालाच्या दुकानदाराने असा नफा घेतला असता तर लोकांनी त्याचे दुकान ओस पाडले असते. पण किराणा मालाच्या गिऱ्हाइकास शेजारच्या दुकानात जाता येते. खाटेवर पडलेल्या रोग्यास जाता येत नाही. जो माल लिहून देतो, तोच माल विकतो, आणि घेणारास नाही म्हणण्याची सोय नाही, असा हा एकमेव व्यापार आहे. औषधे रुग्णालयाच्याच दुकानातून घेण्याच्या या सक्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापुढे गाऱ्हाणे गेले होते. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतः मनाईहुकूम न देता धोरण ठरविण्याचे काम राज्यांवर सोपविले. म्हणजे चेंडू पुन्हा आपल्याच अंगणात आला.

छापील किमतीच्या आड जे राहते त्यात आणखी एक वस्तू आहे, आणि तिचे नाव सर्वांस ठाऊक असून कोणी मोठ्याने घेत नाही. ती म्हणजे ‘कट’. परभणीहून नांदेड सुमारे ७५ किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर सुमारे २००; रोगी कोठे न्यावयाचा हे त्याच्या प्रकृतीवर ठरावे, की पाठविणारास कोठून काय मिळते त्यावर? २०१७ साली या प्रथेस बंदी करणाऱ्या कायद्याचा मसुदा राज्य सरकारने तयार करविला. मसुदा झाला, त्यावर चर्चा झाली, आणि कायदा मात्र झाला नाही.

कायद्यांचाच दुष्काळ आहे असे मात्र कोणी समजू नये. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा मुंबईत १९४९ सालीच झाला. आमचा जिल्हा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता व १९५६ साली मुंबई राज्यात आला. या कायद्याखालील नियमांत जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने महत्त्वाची दुरुस्ती केली. तीअन्वये प्रत्येक खाजगी दवाखान्याने खाटेचे भाडे, डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, भूल, शुश्रूषा, प्राणवायू इत्यादींचे दर सर्वांस दिसतील असे लावावयाचे आहेत. रुग्णांच्या हक्कांची सनद भिंतीवर लावावयाची आहे. उपचारास अंदाजे किती खर्च येईल हे विचारण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टराचे मत घेण्याचा रोग्यास अधिकार आहे. पैसे बाकी आहेत म्हणून प्रेत अडवून ठेवावयाचे नाही. तक्रार ऐकण्यासाठी अधिकाऱ्यांनी कक्ष उघडावयाचा व निःशुल्क दूरध्वनी ठेवावयाचा आहे. त्याआधी २०१८ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने जी सनद तयार केली तीत तर बाबवार बिल मिळणे हा रोग्याचा हक्कच म्हटला आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रोग्याने मागितल्यापासून ७२ तासांच्या आत त्याचे कागद त्यास मिळाले पाहिजेत. इतके सारे असून आमच्या वाचकांनी उद्या सकाळी सहज फेरफटका मारावा आणि आपल्या गल्लीतील दवाखान्यांत दरांचा फलक शोधावा. सापडला तर त्या डॉक्टरांचे अभिनंदन करून यावे. बहुतेकांस देवाची तसबीर, लकी नंबराचे घड्याळ आणि ‘फी आगाऊ भरावी’ ही पाटी सापडेल, असा आमचा अंदाज आहे.

डॉक्टर मंडळींकडून या सर्वांस एक उत्तर येते आणि ते आम्ही टाळू इच्छीत नाही. ते म्हणतात, शरीर म्हणजे कापड नव्हे, आधी मोजून भाव सांगता येत नाही. शिवाय कर्ज काढून यंत्रे घेतली आहेत, परिचारिका मिळत नाहीत, आणि जिल्ह्याच्या गावी दवाखाना चालविणे म्हणजे तारेवरची कसरत आहे. यात तथ्य आहे. बाळंतपण अडले तर खर्च वाढेल, हे कोणासही कळते. पण ‘सरळ झाले तर इतके, अडले तर इतके’ असे दोन आकडे कागदावर लिहून देण्यास कोणते शास्त्र आड येते? गवंडी घराचा अंदाज देतो, तोही पायात खडक लागला तर वाढीव पडेल असे सांगूनच देतो.

आणि सरकारच्या मनात आले तर बिले तपासता येतात, याचा पुरावा फार जुना नाही. करोनाच्या साथीत २१ मे २०२० रोजी राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांतील दर बांधून दिले: साध्या विलगीकरणास दिवसास ४,००० रुपये, अतिदक्षतेस ७,५००, कृत्रिम श्वासयंत्रासह ९,०००. पुढील वर्षी जूनपासून शहरांचे वर्ग पाडून लहान गावांसाठी हेच आकडे २,४००, ४,५०० व ५,४०० असे ठरविले. लेखापरीक्षक नेमले गेले, ते बिलांवरून बोट फिरवू लागले, आणि ठिकठिकाणी जादा घेतलेल्या रकमा परत कराव्या लागल्या. तेव्हा वैद्यकशास्त्र बुडाले नाही, दवाखाने बंद पडले नाहीत. दर बांधण्याचा तो अपवादात्मक उपाय कायम ठेवावा असा आमचा हट्ट नाही. आम्ही फक्त इतकेच मागतो, की जो लेखापरीक्षक साथीत चालत होता तो साथ गेल्यावर निरुपयोगी का ठरला, हे सरकारने सांगावे.

मग गरिबाने सरकारी इस्पितळात जावे, खाजगी कशास हवे, असे सुखवस्तू लोक म्हणतात. परभणीस २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ही आनंदाची गोष्ट आहे. त्यासाठी लोकांनी किती मोर्चे काढले हे आम्ही विसरलो नाही. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. परंतु वैद्यकीय शिक्षण खात्याच्या रुग्णालयांस तो निर्णय लागू केला नव्हता. कोणते इस्पितळ कोणत्या खात्याचे, हे केसपेपरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईने कसे ओळखावे? खिडकीवर तसे लिहिलेले असते तर प्रश्न नव्हता. जेथे सर्व फुकट तेथेही ‘हे औषध बाहेरून आणा’ ही चिठ्ठी असतेच, आणि ती का, याचे उत्तर देणारा माणूस नसतो.

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यान चोवीस तासांत २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. आमच्या जिल्ह्यातील जड रोगी त्याच इस्पितळात जातात, म्हणून ती बातमी परभणीत परकी वाटली नाही. रोगी फार उशिरा व फार अत्यवस्थ अवस्थेत येतात असे अधिकाऱ्यांनी सांगितले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली, आणि एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करविले. त्या शेवटच्या प्रकाराने कोणाच्या मुलाचे प्राण वाचले हे आम्हांस कळले नाही. मेलेल्यांच्या आईबापांस आपले मूल कशाने गेले हे कोणी बसवून सांगितले काय, हा साधा प्रश्न त्या गदारोळात विचारला गेला नाही.

महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांस खुली झाली आणि वर्षास ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तीत आहे. योजना चांगली आहे. पण ती ठराविक रुग्णालयांत व ठराविक उपचारांसच लागू पडते, आणि हे ‘ठराविक’ काय ते रोगी दाखल होऊन अनामत भरून झाल्यावर कळते. आरोग्यमित्र नावाचा एक मनुष्य त्यासाठी दवाखान्यात बसतो. त्याचे टेबल पैसे भरण्याच्या खिडकीच्या आधी असावे की नंतर, एवढ्या बारीक गोष्टीवर कित्येक कुटुंबांची जमीन अवलंबून असते. धर्मादाय रुग्णालयांचेही तेच. उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेप्रमाणे त्यांच्या दहा टक्के खाटा निर्धनांस मोफत व दहा टक्के दुर्बलांस निम्म्या दरात द्यावयाच्या आहेत. तरीही २०२५ च्या मार्चअखेर पुण्यात एका गर्भवती स्त्रीच्या बाबतीत काय घडले ते सर्वश्रुत आहे. दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाने १० लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप कुटुंबाने केला. ती दुसरीकडे जुळ्यांस जन्म देऊन मरण पावली. आणि मग तातडीच्या रोग्यांकडून अनामत घेणार नाही, असे त्या रुग्णालयाने जाहीर केले. तातडीच्या रोग्यास आधी वाचवा, बाकीचे मागून पाहा, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या खटल्यात १९८९ सालीच सांगितले होते. एवढी साधी गोष्ट अमलात येण्यास छत्तीस वर्षे व एक बळी लागावा!

या संतापापोटी दवाखान्यांची मोडतोड करणारांस आमची सहानुभूती नाही. डॉक्टरावर हात उगारणे हा २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे व तो तसाच राहावा. रात्री तीन वाजता एकटी उभी असलेली शिकाऊ डॉक्टर मुलगी ही शासनाच्या वा मालकाच्या दोषाबद्दल मार खाण्याची जागा नव्हे. पण जेथे बोलण्याची वाट ठेवलेली नाही तेथे दगड उचलला जातो, हेही डॉक्टरांनी लक्षात घ्यावे. १८९७ च्या प्लेगात पुण्याचे लोक इस्पितळास रोगाइतकेच भीत; कारण घरात सोजीर शिरत, माणूस उचलून नेत, आणि मागे राहिलेल्यांस कोणी काही सांगत नसे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी आपला मुलगा डॉ. यशवंतराव याच्या हडपसरजवळील दवाखान्यात रोगी स्वतः आणले, आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रोग्याशी माणसासारखे बोलण्याची परंपरा आपल्याकडे नाही, असे म्हणण्यास कोणास वाव नाही.

आमची मागणी लहान आहे. परभणी शहरात महानगरपालिकेच्या आरोग्य खात्याने, व तालुक्यांच्या गावी जिल्हा शल्यचिकित्सकांनी, नोंदलेल्या प्रत्येक दवाखान्यात दरफलक व हक्कांची सनद मराठीत लावली आहे की नाही हे पाहावे आणि काय आढळले ते प्रसिद्ध करावे. तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक कोणता, तो उचलतो कोण, हेही सांगावे. व्यापारी संघांनी आपल्या पेढ्यांवर बाबवार बिल मागण्याच्या अर्जाचा मराठी नमुना ठेवावा. ज्यास लिहिता येत नाही त्याचा अर्ज मुनीम दोन मिनिटांत भरून देईल. वकील मंडळींनी लोकांस सांगावे, की ५ लाखांपर्यंतच्या दाव्यास जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, आणि वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे १९९५ सालीच ठरून गेले आहे. आणि ज्या डॉक्टरांनी आपण होऊन दर लावले आहेत, खर्चाचा अंदाज लिहून देतात, संमतीचा कागद मराठीत ठेवतात, त्यांची नावे वाचकांनी आम्हांकडे पाठवावी. तपास करून ती यादी आम्ही पहिल्या पानावर, एक पैसाही न घेता, छापू.